समोर बसवून वाचता येईल असा रिपोर्ट

सत्र सुरू झालं की फील्डवर्कच्या याद्या लागतात. सूचनाफलकासमोर गर्दी होते, मोबाइलवर फोटो निघतात आणि अर्ध्या तासात स्टाफरूमच्या दाराशी दोन-तीन जण घुटमळायला लागतात. वस्ती मिळालेले येत नाहीत, शाळा मिळालेले येत नाहीत. ज्यांच्या नावापुढे मनोविकार विभाग लिहिलेला असतो ते येतात. "मॅडम, एजन्सी बदलून मिळेल का?" कारण विचारलं की बस लांब पडते, वेळ जमत नाही, असं काहीबाही. जरा बसू दिलं की खरं बाहेर येतं. येवल्याकडची एक मुलगी म्हणाली, "घरी लग्नाचं बघतायत. तिथं जाते म्हटल्यावर लोक काय म्हणतील?" एकाच्या आईनं तर फोनच केला होता. "त्याचा स्वभाव आधीच हळवा आहे हो. तिथं राहून त्याच्याच डोक्यावर परिणाम झाला तर?"

याच मुलांनी मागच्या सत्रात 'मानसिक आजाराविषयीचे गैरसमज' या प्रश्नाला दहापैकी आठ गुण मिळवलेले असतात.

मी त्यांना हसत नाही. माझी स्वतःची पहिली फील्डवर्क डायरी अजून कपाटात आहे. तिच्यात एके ठिकाणी माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'रुग्ण वेडसर हसत होती. संवाद शक्य झाला नाही.' त्या बाईंना मी नावसुद्धा विचारलं नव्हतं. संवाद झाला नाही हे खरंच, पण तो न होण्यात त्यांचा वाटा किती आणि माझा किती, हे त्या ओळीत कुठेच नाही.

हा लेख समाजकार्य शिकणाऱ्या तुमच्यासाठी आहे. बीएसडब्ल्यू असो की एमएसडब्ल्यू, नाशिकला असाल किंवा धुळे-जळगावला. समाजातला कलंक कसा घालवावा याची पथनाट्यं तुम्ही करताच. इथं फक्त आपल्या हातून काय होतं तेवढं बघायचं आहे.

आधी शब्दाचं बोलू. पुस्तकात याला कलंक म्हणतात. गावात असं कुणी म्हणत नाही. 'त्यांच्यात तसलं आहे', 'बाहेरचं आहे', 'डोक्यावर परिणाम झालाय', नाहीतर थेट 'ठाण्याला पाठवा'. राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. ठाण्याचं तर 1901 पासूनचं. या गावांची नावंच आपण टोमण्यासारखी वापरतो आणि तसं करताना कुणाला काही वाटत नाही. मला 'शिक्का' हा शब्द जवळचा वाटतो. शिक्का कुणीतरी मारावा लागतो, आणि मारणाऱ्याचा हात दिसतो. अर्विंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञानं 1963 च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं होतं की हा शिक्का आजारी माणसापाशी थांबत नाही; घरच्यांना लागतो, सोबत वावरणाऱ्यांनाही लागतो. येवल्याच्या त्या मुलीला नेमकी हीच भीती होती. तिनं गॉफमन वाचला नव्हता, पण तिला तो कळला होता.

आता बाकाकडे या. कुठल्याही मनोविकार ओपीडीबाहेर एक लांब बाक असतो. सकाळी दहाला तो भरलेला असतो. आई, मुलगा, मध्ये पिशवी, पिशवीत केसपेपर आणि डबा. पहिल्या दिवशी विद्यार्थी कुठे उभे राहतात ते मी दरवर्षी बघते. भिंतीला टेकून, बॅग पोटाशी धरून, दोघं-तिघं एकत्र. बाकावर जागा असली तरी बसत नाहीत. हेच विद्यार्थी बाल रुग्ण विभागाबाहेर मात्र पटकन बसतात, बाळाला घेतातसुद्धा. तेव्हा पहिल्या दिवसाचं काम एवढंच: बसा. ताई, काका, दादा, जे वयाला शोभेल ते म्हणा. कुठून आलात, किती वाजता निघालात, गाडी कशी मिळाली हे विचारा. सुरगाण्याहून पहाटे निघालेल्या माणसाला यावर बोलायला पुष्कळ असतं. 'तुम्हाला काय होतं?' हा प्रश्न डॉक्टर विचारणारच आहेत. कुणी डब्यातली चटणी-भाकरी पुढे केली तर घास घ्या. खरंच पथ्य असेल तर तसं सांगा, पण 'नको, नको' म्हणत मागे सरकू नका. समोरच्याला ते सरकणं दिसतं.

आणि मग रिपोर्ट. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. वर्गात बोलताना आपण सावध असतो. रात्री अकराला होस्टेलच्या खोलीत, उद्या जर्नल द्यायचं म्हणून जे भराभर लिहिलं जातं त्यात आपण खरे दिसतो. मी मुलांना एकच कसोटी देते. हा रिपोर्ट त्या माणसाला समोर बसवून मोठ्यानं वाचता येईल का? जिथं जीभ अडखळते ती ओळ खोडायची नाही. तिच्याखाली रेघ मारायची आणि पर्यवेक्षकाबरोबरच्या आयसीत (वैयक्तिक चर्चेत) तिच्यावरच बोलायचं.

काही ओळी दरवर्षी भेटतात. 'क्लायंट मनोरुग्ण असून…' अशी सुरुवात असते. माणूस पन्नाशीचा, गवंडीकाम करणारा, तीन मुलींचा बाप असतो. हे सगळं चौथ्या परिच्छेदात येतं, कधी येतच नाही. क्रम उलटा करा. आधी माणूस, काम, घर. मग आजार, आणि तोही डॉक्टरांनी सांगितला असेल तरच, नावानिशी. 'डोळ्यांत विचित्र भाव होते' असं लिहू नका. भाव दिसत नसतात, आपण ते वाचतो. दिसलं असेल ते लिहा: दहा मिनिटांत तीनदा दाराकडे पाहिलं, प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ घेतला. 'इन्साइट नाही' हा शब्द तर डॉक्टरांच्या कागदावरून उचलून कुठेही चिकटवला जातो. 'मला आजार नाही, मला झोप लागत नाही' असं कुणी म्हणालं असेल तर तेच वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा. त्यातून पुढच्या भेटीत बोलायला धागा मिळतो.

जुन्या उपचारांचंही तेच. सहा वर्षांपूर्वी कुणी दोन महिने दाखल होतं म्हणून आज त्याच्या भावाशी जमिनीवरून चाललेल्या भांडणाच्या केस स्टडीत 'मनोरुग्ण पार्श्वभूमी' असं उपशीर्षक टाकण्याचं कारण नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं तिसरं कलम जरूर वाचा. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आजचा किंवा उद्याचा आजार ठरत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. समाजाच्या चालीरीतींशी, नीतिकल्पनांशी माणूस जुळत नाही म्हणून त्याला आजारी ठरवता येत नाही, हेही त्यातच आहे. कलम 23 गोपनीयतेचं. जर्नलमध्ये खरं नाव, वाडी, आडनाव लिहून ते झेरॉक्सवाल्याकडे टाकून येणं म्हणजे काय होतं, हे ते कलम वाचल्यावर कळेल. ओपीडीतले सेल्फी आणि ग्रुपवर टाकलेले 'फील्डवर्क डे वन'चे फोटो याबद्दल वेगळं सांगत नाही.

समोर बसवून वाचण्याची ही कसोटी मी एकदा खरोखर वापरली. उपचारांवर स्थिर असलेल्या एका बाईंना विचारून, त्यांच्याबद्दलचा विद्यार्थिनीचा रिपोर्ट त्यांच्यासमोर वाचला. विद्यार्थिनी घामाघूम. बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. रिपोर्टात 'मुलाखतीदरम्यान क्लायंट भावुक झाली, डोळ्यांत पाणी आले' अशी ओळ होती. त्या म्हणाल्या, "रडले नव्हते गं मी. जांभई दाबत होते. सकाळच्या गोळीनं झोप येते." मग थोडं थांबून, "आणि मी ब्लाउज शिवते ते लिहिलंच नाहीस. घर त्याच्यावर चालतं."

गोळीचं निघालंच आहे तर एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण अभ्यासक्रमात ती घाईत उरकली जाते. ज्याला आपण 'वेडेपणाच्या खुणा' समजतो त्यातलं बरंच काही औषधांचं असतं. हात थरथरणं, चेहरा मख्ख वाटणं, पावलं घासत चालणं, लाळ गळणं, एका जागी बसवत नाही म्हणून सारखे पाय हलवणं, वजन वाढणं, दुपारपर्यंत गुंगी. भ्रम-भास कमी करणाऱ्या काही औषधांचे हे ओळखीचे दुष्परिणाम आहेत. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. पण पेशंटला दोन मिनिटांत ते सांगायला सुचत नाही, आणि घरच्यांना वाटतं आजारच वाढला. मग गोळ्या बंद होतात. इथं तुमचा खरा उपयोग आहे. बाकावर बसून ऐकलेलं कागदावर उतरवा आणि तो कागद आत डॉक्टरांपर्यंत जाईल असं बघा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हेही घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आठव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून त्या सोडून देतात.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागात गृहभेटीला गेलात की भगताची गोष्ट निघणार. शहराच्या मध्यमवर्गीय घरात तीच गोष्ट पत्रिकेतला दोष आणि शांती म्हणून निघते; फरक फक्त दक्षिणेचा. तिथं व्याख्यान देऊ नका. कधीपासून, कुणाकडे, किती खर्च झाला, कशानं बरं वाटलं, हे विचारा आणि ऐका. पूजा करायची तर करा, गोळी मात्र चुकवू नका, एवढं बोलणं बहुतेक घरांत चालतं. मात्र एक सीमारेषा आहे. मारहाण, मिरचीची धुरी, उपाशी ठेवणं, साखळीनं बांधणं दिसलं तर गप्प बसायचं नाही. तामिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या एका निवाऱ्याला 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेली 28 माणसं जळून गेली. 2017 च्या कायद्याच्या कलम 95 नं मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधायला मनाई केली आहे, आणि महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच. तरी आधी पर्यवेक्षकाला फोन, मग पुढचं. घरच्यांनी बांधलंय ते बहुतेक वेळा दुष्टपणानं नसतं. मुलगा दोनदा रस्त्यावर गेला, एकदा विहिरीत पडता पडता वाचला, आणि आईला रोजंदारीवर जायचं असतं. बांधणं चूकच, पण ते सोडवायचं तर आईच्या मजुरीचा प्रश्नही सोडवावा लागतो. समाजकार्य ते हेच.

रामकुंडाच्या परिसरात, बसस्टँडवर कुणी हरवल्यासारखा, अंगावर धड कपडे नसलेला दिसला तर? 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 100 प्रमाणे अशा माणसाला संरक्षणात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलिसांची जबाबदारी आहे. चौकीत जाऊन कलमाचा आकडा सांगितला की कामाला वेग येतो, असा माझा अनुभव आहे. अशी माणसं घरी परत जाऊ शकतात यावर विश्वास बसत नसेल तर कर्जतच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम बघा. डॉ. भरत वाटवानी यांना त्यासाठीच 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावरून उचलायचं, उपचार करायचे, गाव शोधायचं आणि सोबत जाऊन घरी पोहोचवायचं.

भीतीबद्दल खोटं बोलायचं नाही. 'काही होत नाही, घाबरू नका' असं सांगून विद्यार्थ्यांना वॉर्डात सोडणारे पर्यवेक्षक मला पटत नाहीत. आजारी माणूस हिंसा करण्यापेक्षा हिंसेचा बळी होण्याची शक्यता जास्त, हे खरं. पण दारूच्या अमलाखाली असलेला, किंवा औषधं सुटून उसळलेल्या आजारातला माणूस चिडू शकतो, हेही खरं. म्हणून दाराजवळ बसा, एकट्यानं गृहभेट घेऊ नका, कर्मचाऱ्यांना सांगून आत जा, आवाज चढला तर उठून बाहेर या. ही काळजी सासरच्या भांडणात शिरतानाही घ्यावी लागते. मनोविकार विभागासाठी वेगळा घाबरटपणा नको, एवढंच.

आता अवघड भाग. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. बारा राज्यांतल्या प्रौढांपैकी 10.6 टक्के लोकांना त्या वेळी उपचाराची गरज असलेला मानसिक विकार होता; दारूच्या व्यसनाचा विकार त्यात धरला आहे. आजारागणिक बदलत असलं तरी त्यांच्यातल्या 70 ते 92 टक्क्यांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. हिशेब करा. साठ जणांच्या वर्गात सहाएक जण तरी असतील, आणि ते क्लायंट नाहीत. तुमच्या शेजारी बसून नोट्स उतरवून घेतायत.

त्यांच्यावरचा शिक्का आपल्या वर्गात जास्त खोल उमटतो. "समाजकार्याची विद्यार्थिनी असून तूच अशी?" हे वाक्य मी ऐकलंय. दुसरं याहून वाईट: "हिला स्वतःलाच कौन्सेलिंगची गरज आहे, ही काय दुसऱ्याला करणार!" मधुमेह असलेल्या डॉक्टरला असं कुणी विचारत नाही. परिणाम असा की मुलं गोळ्यांची पट्टी फोडून साध्या डबीत भरून आणतात आणि कुणी पाहिलं तर व्हिटॅमिन म्हणून सांगतात.

तुमच्यापैकी कुणी उपचार घेत असेल तर सगळ्यांना सांगायची सक्ती नाही, आणि लपवायचीही नाही. कुणाला किती सांगायचं ते ठरवा. पर्यवेक्षकाला निदान सांगायची गरज नसते. 'सकाळच्या औषधानं गुंगी येते, मला दुपारची वेळ द्या' एवढं पुरतं. विश्वासाची एक मैत्रीण असावी. वर्गातल्या 'मन मोकळं करा' प्रकारच्या वर्तुळात भावनेच्या भरात काही सांगून टाकू नका. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर ते तुमच्या ताब्यात राहत नाही. शिक्षकांनीही ही वर्तुळं जरा जपून वापरावीत. उघडलेलं बंद कसं करायचं हे माहीत नसेल तर उघडू नये. आजार दीर्घ असेल आणि कामावर बराच परिणाम होत असेल, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे. प्रमाणपत्र घ्यायचं की नाही हा निर्णय मात्र तुमचा.

रात्री-बेरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस, 14416. सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कुणी सोबती 'आता नको वाटतं जगणं' असं म्हणाला तर विषय बदलू नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. त्याला एकटं सोडू नका, आणि गुप्त ठेवायचं वचन देऊ नका. 'पोलीस केस होईल' असं म्हणून घाबरवणं बंद करा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि त्याच्या उपचार-पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर येते.

मग शिक्का पुसतो तरी कशानं? भित्तिपत्रकांनी फार नाही. 'लॅन्सेट' आयोगाच्या 2022 च्या अहवालात जगभरच्या अभ्यासांतून निघालेला निष्कर्ष साधा आहे: आजारातून गेलेल्या माणसांशी प्रत्यक्ष, बरोबरीनं संबंध येणं, हाच सगळ्यांत गुणकारी उपाय. 'बरोबरीनं' या शब्दावर माझा भर आहे. क्लायंट म्हणून शंभर माणसं भेटून काही बदलत नाही, उलट शिक्का पक्का होतो. कारण आपल्याला ती फक्त आजाराच्या दिवसांतच दिसतात. बरी होऊन रिक्षा चालवणारी, बँकेत जाणारी माणसं ओपीडीत कशाला येतील? म्हणून त्यांना वर्गात बोलवा, वक्ता म्हणून, मानधन देऊन.

आपल्या खानदेशातलं उदाहरण आहे. धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. त्यांनी ते लपवलं नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली, जिथं आजारातून गेलेले आणि त्यांची काळजी घेणारे आपापल्या गटात भेटतात. 2004 चा 'देवराई' हा चित्रपटही त्यांच्याच पुढाकारातून आला. दिग्दर्शन सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचं. सुमित्राताई मुळात आपल्याच क्षेत्रातल्या, पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणाऱ्या. पुढे नैराश्यावरचा त्यांचा 'कासव' सुवर्णकमळ घेऊन आला. वर्गात 'देवराई' दाखवाल तर नंतर लक्षणांची यादी करायला लावू नका. आजारी नायकाच्या बहिणीच्या घरात काय काय बदललं, कोण थकलं, कुणी काय गिळलं, यावर बोला.

शेवटचं काम महाविद्यालयाकडून करून घ्यायचं आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. विद्यार्थी प्रतिनिधींनी प्राचार्यांकडे लेखी विचारणा करावी: नेमणूक झाली का, वेळ काय? आणि समुपदेशकाची खोली स्वतः जाऊन बघा. एका ठिकाणी मी पाहिलं, खोली चांगली होती, पंखा, दोन खुर्च्या, टिश्यू पेपरचा डबासुद्धा. पण दार कॅन्टीनसमोर उघडत होतं, आणि दाराला काच होती.